नावावरून पत्ता : एका जुन्या नोंदवहीची निवृत्ती

दिवाळी उलटली की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांच्या रांगा साखर कारखान्यांच्या फाटकांशी लागतात. फाटकातून आत शिरले की वजनकाटा. भरलेली गाडी काट्यावर चढवून तिचे वजन करतात. ऊस उतरवून ती परतली की रिकाम्या गाडीचे वजन करतात. आणि दोहोंतील फरक त्या शेतकऱ्याच्या खाती मांडतात. पूर्वी हे काम वहीत होई. आता काट्याशेजारच्या खोलीत एक संगणक असतो, आणि शेतकऱ्यांची खाती दूर कार्यालयातल्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असतात.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्याच्या संगणक विभागात आहे. काही हंगामांपूर्वी, ऐन डिसेंबरात, त्याला रात्री एक वाजता फोन आला. काट्यावरचा संगणक म्हणत होता, ‘सर्व्हर सापडत नाही.’ काटा स्वतः ठीक होता, वजन बरोबर दाखवीत होता; पण ते कोणाच्या खाती मांडायचे ती यादीच उघडेना. बाहेर रांग वाढत चालली. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितका तो सुकतो. वजन घटले तर शेतकऱ्याचे नुकसान आणि साखरेचा उतारा घटला तर कारखान्याचे.

माझ्या विद्यार्थ्याने प्रथम ‘पिंग’ हा आदेश दिला. ‘आहेस का?’ असा छोटा संदेश दुसऱ्या संगणकाला धाडायचा आणि उत्तराची वाट पाहायची, एवढेच हा आदेश करतो. सर्व्हरचा आकडी पत्ता देऊन पिंग केले, तेव्हा उत्तर तत्काळ आले. सर्व्हरचे नाव देऊन केले, तेव्हा काहीच नाही. म्हणजे तारा शाबूत होत्या, सर्व्हर जागा होता. फक्त नाव आणि पत्ता यांची गाठ सुटली होती.

ही गाठ बांधतो कोण? आणि ती सुटली का?

माणसांना नावे लक्षात राहतात, यंत्रांना आकडे सोपे जातात. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो. आज सर्वत्र रुळलेल्या जुन्या पद्धतीत तो 32 बिटांचा असतो, आणि 0 ते 255 मधल्या चार संख्यांनी लिहितात. 2 चा 32 वा घात काढून पाहा. एकूण पत्ते 429 कोटींहून थोडे अधिक निघतील. आता असा पत्ता तोंडपाठ करून काम कोण करणार? आपण म्हणतो ‘मुख्य सर्व्हर’. तेव्हा नाव सांगितल्यावर आकडा काढून देणारी काही तरी सोय हवी.

सर्वांत सोपी सोय म्हणजे हाक मारणे. शिक्षकांनी वर्गात ‘कुलकर्णी!’ म्हटले की कुलकर्णी उभा राहतो. 1983 च्या सुमारास आयबीएमच्या छोट्या संगणकांसाठी ‘नेटबायॉस’ नावाची पद्धत निघाली, तिच्यात नेमके हेच होते. ज्याला जो हवा तो सगळ्या जाळ्यात त्याच्या नावाने हाक मारी, आणि त्या नावाचा संगणक ‘मी इथे आहे’ असे आपल्या पत्त्यासह कळवी. नाव 16 जागांचे. त्यांपैकी 15 जागा नावाला. सोळावी जागा तो संगणक कोणते काम करतो ते सांगण्यासाठी. रोमन लिपीत ‘अहिल्यानगर’ लिहिले की 11 अक्षरे खर्ची पडतात. पुढे ‘कार्यालय’ लिहायला 4 च उरतात! त्या काळच्या दहा-वीस संगणकांच्या कचेऱ्यांना हे पुरेसे होते.

पण हाकेत एक गणिती खोड आहे. दहा संगणकांनी मिनिटाला एकेक हाक मारली तर प्रत्येक हाक उरलेल्या नऊ जणांना ऐकावी लागते; म्हणजे मिनिटाला 10 × 9 = 90 वेळा कान टवकारणे. संगणक शंभर झाले की 100 × 99 = 9,900. संख्या दहापट, गोंगाट एकशे दहापट. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. चाळीस विद्यार्थ्यांना चिठ्ठ्यांवर टोपणनावे द्या आणि प्रत्येकाला एकेका टोपणनावाचा माणूस फक्त ओरडून शोधायला सांगा. शेजारच्या वर्गाची तक्रार यायला दोन मिनिटे लागणार नाहीत.

दुसरी अडचण याहून मोठी. हाक भिंतीपलीकडे जात नाही. मोठे जाळे लहान लहान भागांत तोडलेले असते आणि त्या भागांच्या सीमेवर राउटर नावाचे यंत्र बसते. ते पत्ता लिहिलेले पाकीट पुढे जाऊ देते, सर्वांना उद्देशून मारलेली हाक मात्र अडवते. तसे केले नाही तर एकेक हाक सगळीकडे घुमत राहील. आमच्या कारखान्यात कार्यालय एका भागात होते आणि फाटकावरचा काटा दुसऱ्या भागात.

यावर तोडगा म्हणून नोंदवही आली. नेटबायॉसची नावे इंटरनेटच्या पत्त्यांशी कशी जोडावी याचे नियम मार्च 1987 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने 1994 मध्ये आपल्या विंडोज एनटी 3.5 बरोबर ‘विंडोज इंटरनेट नेम सर्व्हिस’ दिली. तिलाच ‘विन्स’ म्हणतात. कल्पना साधी आहे. प्रत्येक संगणक सुरू होताच विन्सच्या सर्व्हरकडे जाऊन आपले नाव आणि पत्ता नोंदवतो. कोणाला कोणी हवा असेल तर त्याने ओरडायचे नाही, वहीत विचारायचे. प्रश्नावर नेमका पत्ता असल्यामुळे तो राउटर ओलांडून जातो. नोंद कायमची नसते. ठरावीक काळात, साधारणपणे सहा दिवसांत, ती नवी करावी लागते, नाही तर सुटते. बंद पडलेल्या संगणकांचा कचरा आपोआप झडावा म्हणून ही योजना.

या वहीतली एक युक्ती मला फार आवडते. मोठ्या संस्थेत अशा दोन-तीन वह्या ठेवीत आणि त्या एकमेकींशी ताडून सारख्या करीत. समजा, पहिल्या वहीतून तुम्ही एक नाव खोडले. रात्री दुसरी वही येऊन म्हणते, ‘अगं, तुझ्याकडे हे नाव राहिले की!’ आणि खोडलेले नाव पुन्हा लिहून जाते. म्हणून नाव नुसते खोडायचे नाही. त्याच्यापुढे ‘मयत’ असा शेरा मारायचा, तो शेरा सगळ्या वह्यांत पोचू द्यायचा आणि मगच ओळ काढायची. संगणकवाले या शेऱ्याला चक्क ‘थडग्याचा दगड’ म्हणतात. एकाच गोष्टीच्या अनेक प्रती ठेवल्या की ‘नाही’ हेसुद्धा लिहून ठेवावे लागते.

मग इतकी सोयीची वही निवृत्त का होते आहे? आमच्या भागातल्या गावांकडे पाहा. जिल्ह्यात पिंपळगाव नावाची गावे किती तरी आहेत. लोकांनी त्यांना आडनावे दिली : नगर तालुक्यातले पिंपळगाव माळवी, श्रीगोंद्यातले पिंपळगाव पिसा, पारनेरमधले पिंपळगाव रोठा, अकोल्यातले पिंपळगाव खांड. तालुक्यांचीही तीच गत. एक कर्जत आमच्याकडे आहे, दुसरे रायगड जिल्ह्यात. नुसते ‘कर्जत’ लिहिलेले पत्र कुठे जाईल? विन्सची वही ही अशी नुसत्या ‘कर्जत’ची वही आहे. तिच्यात एक नाव एकदाच येऊ शकते. एका कारखान्यापुरते ते चालते. दोन संस्था एकत्र आल्या आणि दोघींकडेही ‘लेखा’ नावाचा संगणक असला, की भांडण सुरू. शिवाय ही वही फक्त 32 बिटांचे पत्ते जाणते. नवे 128 बिटांचे पत्ते तिला लिहिताच येत नाहीत.

याहून गंभीर दोष म्हणजे तिचा भाबडेपणा. नाव सांगणाऱ्याला ती ओळखपत्र विचारीत नाही. हाकेचे तर विचारूच नका. ‘मुख्य सर्व्हर कुठे आहे?’ अशी हाक आली की आत शिरलेला कोणताही लबाड संगणक ‘मीच तो’ म्हणू शकतो आणि विचारणारा त्याच्या हाती आपल्या संकेतशब्दाचा पुरावा देऊन बसतो. जाळ्यांत घुसखोरी करणारे ही चलाखी आजही वापरतात.

पिंपळगावांनी शोधलेला उपाय संगणकांनीही शोधला, आणि तोही विन्सच्या आधी. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यात सुरुवातीला सगळ्या संगणकांची एकच यादी होती. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ठेवीत असे. नवे नाव घालायचे तर तिथे कळवायचे, आणि नवी यादी सर्वांनी उतरवून घ्यायची. जाळे फुगले तशी यादी कोणालाच आवरेना. 1983 मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ म्हणजे डीएनएसची रचना मांडली. तिचे आजही पायाभूत असलेले नियम नोव्हेंबर 1987 चे आहेत.

डीएनएसमध्ये एक वही नाही, वंशावळ आहे. आपण पाकिटावर घर, गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे लिहितो. टपालखाते मात्र ते शेवटाकडून वाचते. तसेच इथे. समजा, एका यंत्राचे पूर्ण नाव ‘काटा.फाटक.कारखाना.इन’ आहे. शोध उजवीकडून सुरू होतो. मुळाशी असलेल्या सर्व्हरला विचारायचे, ‘इन’ची वही कोणाकडे? ‘इन’वाल्याला विचारायचे, ‘कारखाना’ची वही कोणाकडे? आणि कारखान्याच्या वहीत ‘फाटक’मधला ‘काटा’ सापडतो. कोणाकडेच सगळी यादी नाही. प्रत्येकाकडे फक्त आपल्या मुलांची. म्हणून दोन कारखान्यांत दोन ‘काटे’ सुखाने नांदतात. पूर्ण नाव 253 अक्षरांपर्यंत आणि त्यातला प्रत्येक तुकडा 63 पर्यंत चालतो. भारताची ‘इन’ ही शाखा 1989 मध्ये निघाली. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने ती प्रारंभी सांभाळली आणि 2005 पासून तिचा कारभार ‘निक्सी’कडे आहे. 2014 पासून ‘.भारत’ ही देवनागरी शाखाही आहे. गंमत अशी की आतल्या यंत्रणेला अजून रोमन अक्षरेच कळतात, त्यामुळे देवनागरी नावाचे आधी एका विचित्र रोमन अक्षरमाळेत रूपांतर होते.

वंशावळीचा दुसरा लाभ म्हणजे कूळ तपासता येते. रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह देशातील बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘.बँक.इन’ या शाखेखाली जाण्यास सांगितले ते यासाठीच. या शाखेत नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या एकाच संस्थेकडे आहे, त्यामुळे ठकसेनाला हुबेहूब दिसणारे नाव घेणे अवघड होते. डीएनएस मुळातच निर्दोष होती असे मात्र समजू नका. तिचीही उत्तरे खोटी पाडता येतात हे ठळकपणे दिसून आल्यावर 2010 मध्ये तिच्या मुळाशी गणिती सही बसवण्यात आली.

आता निवृत्तीविषयी. मायक्रोसॉफ्टने स्वतःच 2000 सालच्या विंडोजपासून आपली मुख्य भिस्त डीएनएसवर ठेवली होती. 2021 च्या सर्व्हरबरोबर विन्स ‘यापुढे वाढवणार नाही’ या यादीत गेली, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कंपनीने जाहीर केले की विंडोज सर्व्हर 2025 ही विन्स असलेली शेवटची आवृत्ती. तिचा आधार 2034 पर्यंत. नऊ वर्षे म्हणजे भरपूर वेळ, असे कोणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. काट्यावरचा संगणक त्याच्याही आधीपासून तिथे होता आणि तो कोणाच्या यादीत नव्हता.

आता त्या रात्रीचा उलगडा होईल. विन्सची वही एका जुनाट संगणकावर चालत असे. नवे संगणक सारे डीएनएसला विचारतात, तेव्हा वही कोणी वापरत नाही अशा समजुतीने तो जुना संगणक महिन्याभरापूर्वी बंद केला होता. काट्याच्या संगणकाची सर्व्हरशी जोडणी मात्र आधीच झालेली होती आणि हंगामात तो चोवीस तास चालू. त्याला पुन्हा पत्ता विचारायची वेळच आली नाही. त्या रात्री वीज गेली. संगणक नव्याने सुरू झाला, त्याने वहीला विचारले, वही नाही. मग त्याने हाक मारली. हाक राउटरशी अडली. डीएनएसचा पत्ता त्याला कोणी कधी दिलाच नव्हता. माझ्या विद्यार्थ्याने काट्याच्याच संगणकात ‘एलएमहोस्ट्स’ नावाच्या छोट्या यादीत सर्व्हरचे नाव आणि आकडा हाताने लिहिला. पहाटे साडेतीनला रांग हलली. या यादीला मी गंडा म्हणतो : काम भागते, पण सर्व्हरचा आकडा बदलला की पुन्हा तीच रात्र.

पक्का बदल गळीत हंगाम संपल्यावर करायचा ठरला, आणि तो विन्स बंद करण्यापासून नव्हे तर पुन्हा सुरू करण्यापासून आरंभला. मला हे फार शहाणपणाचे वाटले. जुनी वही चालू ठेवायची आणि तिला कोण कोण विचारतो ते गुपचूप पाहायचे. हे प्रश्न प्रत्येक संगणकाच्या 137 क्रमांकाच्या दारातून ये-जा करतात. तेवढेच संदेश पकडून विचारणाऱ्यांचे पत्ते लिहून काढले. मग एकेकाकडे जायचे. बहुतेकांना डीएनएसचा पत्ता दिला आणि अर्धवट नावापुढे ‘.फाटक.कारखाना.इन’ सारखी शेपटी आपोआप जोडण्याची व्यवस्था केली, की ते वाटेला लागत. काही जुने कार्यक्रम हट्टी निघाले. त्यांच्या पोटात आखूड नावच कोरलेले होते आणि शेपटी त्यांना खपेना. अशांसाठी 2008 च्या विंडोज सर्व्हरपासून डीएनएसमध्येच ‘ग्लोबलनेम्स’ नावाचा एक कप्पा मिळतो. त्यात आखूड नावे ठेवता येतात, पण ती हाताने लिहावी लागतात, म्हणून मोजकीच ठेवायची.

नावे बदलायचीही होती, आणि इथे आमच्या शहराचा दाखला चपखल बसतो. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नावाचे पाकीट तरीही पोचते, कारण पोस्टमनला दोन्ही नावे ठाऊक आहेत आणि 414001 हा पिन बदललेला नाही. (पिन क्रमांकाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृत पंडिताची, 15 ऑगस्ट 1972 पासून ती चालू आहे. वरच्या दोन कर्जतांचे पिन 414402 आणि 410201.) डीएनएसमध्येही टोपणनावाची नोंद करता येते : जुन्या नावाने विचारणाऱ्याला ‘आता याला असे म्हणतात’ असे सांगून नव्याकडे धाडायचे.

पत्ते बदलताना एक गोष्ट विसरता येत नाही. विचारणारा मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवतो, सारखे विचारीत नाही. किती काळ, ते उत्तरातच सेकंदांत लिहिलेले असते. 86,400 लिहिले असेल तर एक दिवस. आज पत्ता बदलला तर जुने उत्तर किती जणांकडे राहील? भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे किरणोत्सारी ऱ्हास आठवेल, पण तो मोह आवरा. किरणोत्सारी अणूला वय नसते; या उत्तराला असते. लोकांनी दिवसभर सारख्या गतीने विचारले असेल तर सहा तासांनी तीन चतुर्थांश जुनी उत्तरे उरतील, बारा तासांनी निम्मी, आणि चोवीस तासांनी एकही नाही. आलेख काढलात तर वक्ररेषा येत नाही, सरळ रेषा येते. म्हणून पत्ता बदलण्याच्या आदल्या दिवशीच ती संख्या 300 करून ठेवतात. मग गोंधळ पाच मिनिटांत निवळतो.

मे महिन्याच्या अखेरीस विचारणाऱ्यांची यादी एका पत्त्यावर आली. तो दर सोमवारी सकाळी एकदाच विचारी. दोन आठवडे शोधूनही तो कोण ते कळेना. शेवटी सोमवारी सकाळी माझा विद्यार्थी साखरेच्या गोदामात जाऊन बसला. दहाच्या सुमारास हिशेबनिसांनी कोपऱ्यातल्या धूळ खात पडलेल्या छापयंत्राचा डबा सुरू केला, आठवड्याच्या पोत्यांचा ताळा छापला आणि बंद केला. डबा इतका जुना की त्याला डीएनएस माहीतच नव्हते. तो बदलला. मग जुनी वही आधी एक तास, नंतर एक दिवस बंद ठेवून पाहिली. काट्याचा संगणकही मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. तो पूर्ण नावाने विचारीत होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वही असलेला संगणक भंगारात गेला.